उलटे आकडे

बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याच बंदराबाहेर सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बुडालेलं मालवाहू जहाज कामाला घ्यायचं ठरलं, तेव्हा मी प्रमुखबाईंना आधीच सांगून टाकलं, "त्यात माझे आतोबा होते. इंजिनवर."

"मग तुझी मोजमापं दुसऱ्याकडून तपासून घेत जा," त्या म्हणाल्या. "बाकी काम तूच कर."

इंजिनरूममधले सगळे क्षणात गेले, असं चौकशीच्या कागदात लिहिलेलं होतं. आत्या मात्र आयुष्यभर एकच सांगत आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती होडीतून तिथे गेली, होडीच्या तळाला कान लावला आणि तिला खालून ठोकल्याचा आवाज आला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोकांनी ठरवून टाकलं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी तिला कायमचं आपल्याकडे ठेवून घेतलं. तिने विषय काढला की ते म्हणायचे, "ताई, पुरे आता," आणि उठून जायचे.

ध्वनिलहरींनी समुद्रतळ टिपणाऱ्या सोनार यंत्राच्या पहिल्याच चित्रात जहाज पालथं दिसलं. तळ वर, डेक वाळूत. प्रमुखबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "पालथं पडलं म्हणजे आत हवा अडकली असणार," त्या म्हणाल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

पाणबुड्यांनी इंजिनरूमचे साडेचार हजार फोटो काढले. ते जोडून मी संगणकावर ती खोली उभी केली. पुढचे कित्येक दिवस मी त्या खोलीत फिरत होते. घरी डोळे मिटले तरी तिथेच असायचे. एका कोपऱ्यात पोलादी पत्र्यावर पोचे होते, हाताएवढ्या जागेत, सगळे आतल्या बाजूने पडलेले. धडकेचा पोचा मोठा, पसरट असतो. हे लहान आणि गोल होते, एकावर एक. कुणीतरी आतून एकाच जागी ठोकत राहिलं होतं.

शेजारी पितळी तबकडी होती, बॉयलरचा दाब दाखवणारी. ती वर आणून गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवली, पाणी बदलत राहिलो आणि चार महिन्यांनी तिच्यावर चढलेलं क्षारांचं कवच अलगद सोडवलं. मग अंधाऱ्या खोलीत तिच्यावर एकेका बाजूने तिरपा दिवा धरून फोटो घेतले. ओरखडे उठून आले. एकापासून अकरापर्यंत आकडे होते, खिळ्याने कोरलेले. आणि तबकडीवरच्या छापील अक्षरांच्या मानाने ते उलटे होते, डोकं खाली. जहाज पालथं झाल्यावरच कुणीतरी ते कोरले होते.

जहाजावर पाळी चार तासांची. आतोबांच्या हातात चावीचं घड्याळ असायचं. दर पाळीला एक आकडा. अकरा चोक चव्वेचाळीस तास.

फोटो घेऊन मी घरी गेले. दुपारची वेळ होती, आत्या आत पडली होती. बाबांसमोर फोटो ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"जहाज सकाळी आठला बुडालं. आम्ही होडी घेऊन गेलो दुसऱ्या दिवशी नवाला. तेव्हा कितवा?"

"सहावा, बाबा. सहा कोरून झाले होते."

ते पुटपुटले, "सहा... म्हणजे पुढे अजून पाच."

मग ते बोलले. त्या होडीत तेही होते, एकोणीस वर्षांचे. आत्या ओरडली तेव्हा त्यांनीही तळाला कान लावला होता.

"ऐकू आलं मला. तीन ठोके, मग थांबणं, परत तीन. बंदरात पाणबुड्या एकच होता, आमचे अण्णा. समुद्र असा खवळलेला! हो म्हटलं असतं तर अण्णा उतरलेच असते, आणि वर आले नसते. होडीतल्या बंदराच्या अधिकाऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, साखळी वाजतेय."

"मला माहीत आहे," मागून आत्या म्हणाली.

ती दारात उभी होती. बाबा उठले.

"तुझा चेहरा बघितला होता मी. पांढराफटक पडला होतास." ती खुर्ची धरून सावकाश बसली. "अण्णा माझेही वडील होते रे. म्हणून तर मी परत ओरडले नाही. त्या दिवशी एकदाच ओरडले आणि गप्प बसले, सांगायला लागले ते सगळं संपल्यावर. वेडी म्हणाले ते बरंच झालं, मला कुणी काही विचारलं नाही."

बाबा तिच्या पायाशी बसून रडले. तिने त्यांना थोपटलं नाही, दूरही केलं नाही.

पुढच्या आठवड्यात, बाबा शेजारी बसलेले असताना, मी तिला अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं: 'बुडाल्यानंतर किमान चव्वेचाळीस तास आत एक व्यक्ती जिवंत असावी.'

"असावी कशाला?" आत्या म्हणाली. "होता."

"आत्या, पुराव्यावरून तेवढंच म्हणता येतं."

"मग माझा पुरावा घे ना. आणि ह्याचाही."

मी प्रमुखबाईंना विचारलं. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं, समोर ध्वनिमुद्रक ठेवला आणि एकेकाला वेगळं बसवलं. आत्या वीस मिनिटं बोलली. बाबांना तीन तास लागले. मी बाहेर बसून होते. दाराच्या काचेतून त्यांचे ओठ हललेले दिसायचे, मग खूप वेळ नुसतेच ते दिसायचे, मान खाली घातलेले, एका बाजूला कललेले, काहीतरी ऐकत असल्यासारखे.