वरची पट्टी

पाळकसाहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, पण चंद्रभानने एक डोळा किलकिला ठेवला. तो चर्चमध्ये पायपेटी वाजवायचा. प्रार्थना संपल्याची खूण झाली की सूर धरायचा, म्हणून त्याला तेवढी सवलत होती. उद्या प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, म्हणून आज शनिवारी संध्याकाळी मंडळी मनाच्या तयारीसाठी जमली होती. ज्याने त्याने आपली पापे आठवावीत, देवापाशी कबूल करावीत आणि हलके होऊन उद्या उपासनेला यावे.

चंद्रभानला हे सगळे पाठ होते. आठवडाभर तो भिवापूरकडच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करीत हिंडे आणि शनिवारी नखांतले काळे तेल घासून काढून पेटीवर बसे. पापांगीकार तोंडाने म्हणायचा आणि मनात उद्याच्या चाली जुळवायच्या, ही त्याची रीत.

आज त्याला शेवटच्या बाकावरची प्रेमिलाबाई दिसली. मिशनच्या दवाखान्यातली नर्स. तिचे ओठ हलत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होते.

गेल्या वर्षापर्यंत ती पहिल्या बाकावर बसे. भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. उपासना सुटली की लोक तिच्याभोवती जमत. पेटीवाल्याला कोणी विचारीत नसे. चंद्रभानला ते डाचू लागले. त्र्याहत्तर सालच्या ईस्टरला ती एकटीने गाणार होती, तेव्हा त्याने मुद्दाम पट्टी चढवली. काळी दोनऐवजी काळी पाच. वरच्या ओळीला तिचा आवाज फाटला, पोरे खिदळली, ती मध्येच खाली बसली. पुन्हा गायली नाही. लोक म्हणाले, गळा गेला बाईचा. चंद्रभानही तेच म्हणाला.

प्रार्थना संपली. खूण झाली. पेटी वाजलीच नाही. पाळकसाहेब दोनदा खाकरले आणि शेवटी तसाच आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

चंद्रभानने सायकल काढली ती थेट नंदनवन वस्तीत तिच्या घरी. प्रेमिलाबाई दारात बसून वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत होती.

"काय झालं जी, भाऊ? पेटी बिघडली का?"

"पेटी चांगली हाय, बाई. तुमचा गळाही चांगला हाय. त्या ईस्टरले पट्टी म्या चढवली होती. मुद्दाम. लोकं तुमचं नाव घेत, मले पाहवत नव्हतं."

तिचे हात थांबले.

"मुद्दाम?"

"हो."

"आन् मी येडी! मले वाटलं, आवाजाचा गर्व झाला म्हणून देवानं काढून घेतला. सालभर त्याचीच माफी मांगून राहिली मी. आजबी तेच मांगत होती! काहून केलं असं? मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

"काहीच नाही. माफ करा, एवढंच सांगाले आलो."

"जा आता. मले काही सुचून नाही राहिलं."

तो मान खाली घालून फाटकाशी पोचला, तोच मागून हाक आली.

"थांबा! म्हणजे गळा खरंच चांगला हाय माझा?"

"काळी दोनात म्हणून पाहा ना."

तिने पाठ फिरवली आणि हळूच एक ओळ गुणगुणली. मग तीच ओळ मोकळ्या गळ्याने. आवाज वर गेला, वळला, खाली आला. कुठे चीर नाही. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि मिरचीच्या हातानेच तिने डोळे पुसले.

"अरे बाप्पा! मेली मी!"

चंद्रभान रांजणाकडे धावला. तो गडव्याने पाणी ओततोय, ती डोळ्यांवर सपके मारतेय आणि दोघेही हसताहेत, हे शेजारणीने पाहिले आणि तिला काही उमगले नाही.

रविवारी चर्च भरले होते. पहिल्या गीताआधी चंद्रभान पेटीवरून उठला. प्रेमिलाबाईने त्याला असे काही सांगितले नव्हते. त्यालाच वाटले की ती सगळ्यांदेखत खाली बसली होती, तर आपणही सगळ्यांदेखत बोलावे. त्या ईस्टरला पट्टी आपणच मुद्दाम चढवली, हे त्याने सांगून टाकले. तो थांबला तेव्हा बाहेर रस्त्यावरच्या सायकलरिक्षाची घंटी ऐकू आली.

"बाई, कोणती पट्टी धरू?" त्याने विचारले.

"पहिले मले तिथवर येऊ तर द्या!" शेवटच्या बाकावरून उत्तर आले आणि सगळे चर्च हसले.

ती लालबुंद डोळ्यांनी पुढे आली आणि गायली. चंद्रभानने पेटी इतकी हळू कधी वाजवली नव्हती. त्याला ते गीत आज नवेच वाटले. दुसऱ्या कडव्यापासून सारी मंडळी तिच्याबरोबर गाऊ लागली. पाळकसाहेबसुद्धा, बेसूर पण जोरात.

भाकर आणि द्राक्षारस घ्यायला लोक वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकू लागले. चंद्रभान वाजवणे आटोपून सगळ्यांच्या शेवटी उठला. कठड्याशी जागा उरली नव्हती. तो मागे उभा राहिला.

गुडघे टेकलेल्या प्रेमिलाबाईने मान न वळवता पदर आवरून घेतला आणि थोडी बाजूला सरकली.