धुराचा काटा

इफ्राला घानातल्या जंगलात जायचं होतं. तिच्या वाटेत ना सरकार होतं, ना विद्यापीठ, ना पैसा. वाटेत होते तिचे आजोबा इलाहीबक्ष, आणि ते एकदा वाटेत उभे राहिले की सहजासहजी बाजूला होत नसत. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला होता. साइड कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ते स्वतः ठरवत.

इफ्रा विद्यापीठात घानातल्या वणव्यांवर संशोधन करत होती. उपग्रहाच्या चित्रावर लाल ठिपका उमटला, की तिथं जंगल पेटलंय असं समजायचं. त्या आगीतून मिथेन नावाचा वायू किती निघतो, याचा हिशेब ती सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या घरात बसून मांडायची. हा वायू हवेत साठला की पृथ्वी तापते, आणि तापणं म्हणजे काय हे सोलापूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. अडचण एकच होती. उपग्रहाला जाळ दिसतो, पण जाळ बसल्यावर पाल्यापाचोळ्याखाली जे धुमसत राहतं ते नीट दिसत नाही. आणि मिथेन जास्त निघतो तो त्या धुमसण्यातूनच. तो जवळ जाऊन मोजावा लागतो. तिथल्या एका पथकानं तिला पुढच्याच महिन्यात बोलावलं होतं, जाण्याराहण्याच्या खर्चासकट. हो की नाही, हे सोमवारी विद्यापीठातल्या सरांना कळवायचं होतं.

अब्बू "दादांना विचार" म्हणून मोकळे झाले. दादा, म्हणजे आजोबा, म्हणाले, "न्हाय."

"पण का?"

"तू भोळी हायस. दुनिया तुला विकून खाईल."

भोळेपणाचा पुरावा साऱ्या गल्लीला पाठ होता. मागं एकदा इफ्रा स्टेशनवरून रिक्षानं घरी आली. रिक्षावाल्यानं तिला होटगी रोडपर्यंत फिरवून आणलं, मागेल ते भाडं घेतलं, आणि हिनं उतरताना त्याला वर थँक्यू म्हटलं. दादा ही गोष्ट पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगत.

सरळ मार्गानं काम होत नाही म्हटल्यावर इफ्रानं आडवाट धरली. रविवारी हुरडा होता. कुंभारीच्या सिद्धलिंगप्पांच्या शेतात दर हिवाळ्यात दादांच्या घरचे हुरडा खायला जात. आप्पांची ज्वारी आणि कांदा दादांच्याच ट्रकमधून बाजारात जायचा, तेव्हापासूनची ही मैत्री. मैत्री इतकी घट्ट, की दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. म्हणून हुरडा भाजायला खड्डे दोन, आगट्या दोन. आप्पा वाळक्या गोवऱ्या रचून भडका उडवत. दादा वरून राख सारून आगटी मंद ठेवत आणि म्हणत, "हुरडा भाजायचाय, लंका न्हाय." कुणाचा हुरडा चांगला, हे विचारलं की दादी, म्हणजे आजी गुलबानो, दरवर्षी एकच निकाल देई, "दोन्ही लई ग्वाड." त्यामुळे भांडण पुढच्या वर्षापर्यंत ताजं राहायचं.

या वर्षी इफ्रानं पिशवीतून एक डबी काढली. तिला लांब नळी होती. मिथेन मोजायचं यंत्र होतं ते, विद्यापीठाचं.

"हे धुरावरून हुरड्याची चव सांगतं," ती पापणीही न हलवता म्हणाली. "जितका आकडा मोठा, तितका हुरडा गोड."

हे साफ खोटं होतं. पण मंद धुमसणाऱ्या आगटीचाच आकडा मोठा येणार, हे तिला घरून निघतानाच ठाऊक होतं. म्हणजे जिंकणार दादा. आणि पोट भरलेले, वर आप्पांना हरवलेले दादा त्या दिवशी कुणाला नाही म्हणत नाहीत, हे तर लहानपणापासून ठाऊक होतं.

तसंच झालं. आप्पांच्या आगटीवर नळी धरली, आकडा आला सहा. दादांच्या आगटीवर धरली, आकडा चाळिशीच्या वर गेला.

"अय्यो शिवने!" आप्पा ओरडले. "यंत्र बिघडलंय की!"

"यंत्र न्हाय, तुजी जीभ बिघडलीया," दादा म्हणाले. त्यांनी गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हुरडा आप्पांच्या तोंडात जवळजवळ कोंबला. मिश्यांना राख लागली त्याचंही त्यांना भान नव्हतं. इफ्रानं दही पुढं सरकवलं, शेंगाची चटणी वाढली, गुळाचा खडा दिला, आणि वेळ साधून तोंड उघडलं.

"दादा, ते घानाचं..."

"थांब." दादांनी हात वर केला. ते डबीकडे बघत होते.

दादांची एक सवय इफ्राच्या लक्षातूनच गेली होती. वजनकाट्यानं तोटा दाखवला तर तो कुणीही तपासतो. दादा काट्यानं फायदा दाखवला तरी तपासत. ते म्हणत, काटा आपल्या बाजूनं जरा जास्तच झुकला की समजायचं, कुणाला तरी आपल्याकडून काहीतरी पाहिजे.

दादांनी डबी उचलली. आधी नळी दादीच्या चटणीवर धरली. आकडा आला दोन.

"गुलबानो, तुज्या चटणीला चव न्हाय म्हणतंय."

दादीनं असं पाहिलं, की नळी आपसूक बाजूला झाली. मग दादा उठले, गोठ्यामागं गेले; मागोमाग सगळे. तिथं आप्पांचं गोबरगॅसचं टाकं होतं. शेणाचा काला जिथून बाहेर पडतो, त्या तोंडाशी त्यांनी नळी धरली. आकडा टुणकन वर उडाला, आणि डबी कर्कश किंचाळायलाच लागली.

दादा शांतपणे म्हणाले, "आप्पा, ताटल्या घेऊन ये. सगळ्यात ग्वाड हुरडा हितं हाय."

आप्पांना क्षणभर काही कळेना. मग त्यांनी शेणाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं आणि शेवटी इफ्राकडे. इफ्राला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "चवीचं काही नाही. हे मिथेन मोजतं. शेणातून निघतो, धुमसत्या आगीतून निघतो. तुम्ही जिंकलात की खूश व्हाल, मग मी घानाचं विचारीन, असं ठरवलं होतं." आणि मग ती सरळ दादांकडे वळली. "मला जायचंय, दादा. चार वर्षं नुसते ठिपके मोजतेय. ज्या जंगलावर एवढं लिहिलं, ते जळताना वास कसा येतो तेसुद्धा मला माहीत नाही. सोमवारी नाही म्हणून कळवायचं, या विचारानं रात्रभर रडू येतं."

मग दादी म्हणाली, "भडका करत न्हाय म्हणून तुमाला दिसत न्हाय. पोरगी कवाची धुमसतीया घरात."

दादांनी मिश्यांवरची राख झटकली. चेहरा काट्यावर ट्रक चढवताना असायचा तसा, काही थांग न लागणारा.

"एक सांग. ते चवीचं बोलताना हसू कसं आवरलंस?"

"जीभ चावून."

"आनि माजीच आगटी जिंकणार, हे आदीच ठावं हुतं?"

"हो."

"दही, चटणी, गूळ... तेबी ठरवूनच?"

"हो," इफ्रा पुटपुटली.

दादांच्या खांद्यांना आधी हादरा बसला, मग पोटाला, आणि मग ते इतके हसले की त्यांना टाक्याशेजारी खालीच बसावं लागलं. "आप्पा, बघितलास का? उभ्या जन्मात एकाबी काटेवाल्यानं मला असं गुंडाळलं न्हाय! गोबरगॅस नसता तर गेलो हुतो की मी!" डोळे पुसत ते तिच्याकडे वळले. "भोळी म्हणं! कोण म्हणतं भोळी? जा तू. बिनधास जा. तितल्या रिक्षावाल्यांनी जपून ऱ्हावं म्हंजे झालं."

इफ्राला आधी खरंच वाटेना. मग ती धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. दादांचा सदरा धुराचा वास मारत होता आणि तिला तो सोडवेना.

आप्पा मात्र मघापासून बोटावर काहीतरी जुळवत होते.

"हे समदं बेस झालं," ते म्हणाले. "पण हा गॅस वंगाळ हाय न्हवं? मग ज्याचा आकडा ल्हान, त्यो जिंकला. म्हंजे मीच की!"

"ह्या!" दादा ताडकन उठले. "हुरडा भाजायचा हुता, आकडा न्हाय. आता पोरीलाच इचार, कुणाचा चांगला."

दोघंही इफ्राकडे बघायला लागले. इतकी वर्षं दादीवर काय प्रसंग येत होता, हे तिला आज कळलं. तिनं दादीकडे पाहिलं. दादी आभाळाकडे बघत होती.

"दोन्ही लई ग्वाड," इफ्रा म्हणाली.

दादांनी डबी उचलली आणि नळी हळूच तिच्या तोंडासमोर धरली.