वाजवत राहा

दादाने दुकानदाराची कॉलर धरली, तेव्हा ठेंगूच्या मांडीवर लाल रंगाचा एक आखूड बेस गिटार होता. हलका, बारीक मानेचा, तिच्या बोटांना हवा तिथे पोचू देणारा. दुकानदार एवढंच म्हणाला होता, "ताईंच्या हाताला हाच बसतोय. तो पाच तारांचा घेऊन तासभर उभं राहिलं तर खांदा भरून येईल."

"तुला कुणी विचारलं?" दादाने त्याला काउंटरवरून अर्धा अलीकडे ओढला. "मी ड्रमवर, आणि माझ्या शेजारी ही खेळणं घेऊन उभी राहणार?"

दुकानदाराचा चेहरा लाल होऊ लागला. ठेंगूने आखूड बेस भिंतीवर परत अडकवला आणि पाच तारांचं धूड खाली काढलं. त्याशिवाय दादाची मूठ सुटणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी त्याने शेजारच्या मुलाचं डोकं नळाखाली दाबलं होतं, तेव्हाही तीच दादाला आपला चेंडू देऊन त्या मुलाची सुटका करून आली होती.

उंची बेताची, म्हणून घरात तिला ठेंगू म्हणायचे. ते नाव पुढे गोदामातही पोचलं. आठवडाभर ती तिथे फोर्कलिफ्ट चालवायची, आणि रविवारी दुपारी पबमध्ये बेस. बँडमध्ये तिघंच. ड्रमवर दादा, बेसवर ती, आणि गिटार वाजवत गाणारा मास्तर. तो शाळेत गणित शिकवायचा, आवाज गोड, स्वभाव भित्रा. पबच्या मालकाची अट एकच होती: "मारामारी झाली तरी वाजवत राहायचं. गाणं थांबलं की माना वळतात, आणि माना वळल्या की सगळ्यांचेच हात शिवशिवतात."

त्या रविवारी बारपाशी एक रंगारी बसला होता. बाह्यांवर वाळलेला पांढरा रंग, हातात बिअर. गाणं सुरू असताना तो मित्राला मोठ्याने म्हणाला, "त्या बेसच्या मागे कुणी आहे का रे, की तो आपला आपणच वाजतोय?" मास्तर गाता गाता हसला. ठेंगूलाही हसू आलं. चेष्टा वाईट नव्हती.

पाठीमागचे ड्रम बंद झाले.

दादा तिला खांदा मारून खाली उतरला आणि त्याने रंगाऱ्याचे केस धरून त्याचं तोंड बारच्या कडेवर आपटलं. मग त्याला स्टुलावरून खेचून जमिनीवर घेतलं आणि छातीवर बसला. बारमागून मालकाने बोट गोल फिरवलं: चालू ठेवा. मास्तरने डोळे मिटून घेतले आणि पुढची ओळ उचलली. आता ठेका एकट्या बेसवर उभा होता. ठेंगू वाजवत राहिली, आणि थोड्या वेळाने तिच्या अंगावर काटा आला. दादा ठेक्यात मारत होता. तिची जाड तार वाजली की त्याची मूठ खाली येत होती. तिने लय मुद्दाम संथ केली, तर मुठीही संथ झाल्या, पण थांबल्या नाहीत. रंगाऱ्याच्या तोंडून काहीतरी आवाज येत असावा, तो स्पीकरखाली दबून गेला. गाणं संपलं तेव्हा खिडकीकडच्या टेबलांवर टाळ्या वाजल्या. त्यांना काही कळलंच नव्हतं.

दादाने टॉवेलला हात पुसले. "पुढचं घे," तो म्हणाला.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "तुझ्यासाठी केलं. कुणी तुला हसलेलं मला खपत नाही."

रंगाऱ्याचा जबडा मोडला होता, एका डोळ्याचं काही खरं नव्हतं. मालकाने पोलिसांना सांगितलं, गर्दीत कुणाचा हात होता ते दिसलं नाही. ठेंगूला कुणी विचारलं नाही, आणि तीही आपणहून गेली नाही.

पुढच्या रविवारी दादाची बोटं सुजलेली होती. काठ्या नीट धरता येईनात, ठेका मागे पडू लागला. मास्तरने मान वळवून हळूच म्हटलं, "जरा पुढे ये रे."

दादाने झांजेचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या पाठीत घातला. मास्तर तोंडावर पडला. दादाने त्याच्या पंजावर बूट ठेवला आणि टाच फिरवली. "पुढे येऊ? ये म्हणतोस? उद्या फळ्यावर लिहून दाखव."

मालकाने बोट गोल फिरवलं.

ठेंगूची बोटं सवयीने चालतच होती. मग तिने तळहात सगळ्या तारांवर दाबला. खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत मास्तरचं कण्हणं अगदी दारापर्यंत ऐकू गेलं. माना वळल्या.

"वाजव," दादा म्हणाला.

"नाही. पाय काढ."

"वाजव म्हटलं ना."

"दादा, पाय काढ."

त्याने स्टँड फिरवला. तिने डावा हात आडवा धरला, मनगट काडीसारखं मोडलं. कळ यायला क्षणभर वेळ लागला, तेवढ्यात तिने पट्टा खांद्यावरून उतरवला, उजव्या हाताने बेसची मान पकडली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ते धूड दादाच्या गुडघ्यावर हाणलं. गुडघा उलट्या दिशेला वाकला. तो ओरडत कोसळला, आणि ती पुन्हा मारायला वाकली. मारलंही, मांडीवर, खांद्यावर. बेसची मान तुटली, तार सुटून तिचा गाल कापला गेला, तेव्हा कुणीतरी मागून तिला मिठी घालून धरलं. आपल्याला थांबायचं नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. त्याची तिला दादापेक्षा जास्त भीती वाटली.

इस्पितळात पोलीस आला. दादा खाटेवर, उशाशी आई.

"स्टेजवरून पाय घसरला," दादा म्हणाला. आईने मान डोलावली.

"तुमचं मनगट?" पोलिसाने ठेंगूला विचारलं. आईने तिच्याकडे डोळे रोखून पाहिलं.

"त्याने मोडलं," ठेंगू म्हणाली. "त्याचा गुडघा मी फोडला. मास्तरांचा हात त्याने. आणि आधीच्या रविवारचा तो रंगारी, तोही यानेच मारलाय. मी पाहिलं. मी शेजारी उभी राहून वाजवत होते, तेही लिहा."

"ठेंगू," दादा म्हणाला. "अगं, मी तुझ्यासाठी..."

"मी सांगितलं नव्हतं, दादा."

आई उठली, तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आली आणि सगळ्यांसमोर तिच्या कापलेल्या गालावर थप्पड लगावली. "उद्यापासून घरी येऊ नकोस," ती म्हणाली आणि आत जाऊन दादाचं पांघरूण सारखं करू लागली.

जखम पुन्हा वाहू लागली. ठेंगूने ती बाहीने दाबून धरली आणि नर्सला मास्तरचा वॉर्ड विचारला. तो जागाच होता, हाताला कोपरापर्यंत बँडेज.

"बोटं?" तिने विचारलं.

"दोन गेल्यातच जमा." त्याने नजर बँडेजवर वळवली. "त्या रंगाऱ्याच्या वेळी मीही गातच होतो गं."

"उद्या पोलीस तुमच्याकडे येईल."

मास्तरने मान हलवली, होकाराची की कसली, तिला कळलं नाही. ती स्टूल ओढून खाटेपाशी बसून राहिली.