ठकीचा डावा पाय

ठकी लंगडत होती. स्वयंपाकघराच्या दारापासून सोफ्यापर्यंत, डावा पाय जरा बाहेर फेकत, टेकवला न टेकवला असं करत. नुकती कुठे चालायला लागलेली पोर.

आईने तिला उचलून मांडीवर घेतलं. तिने मोजे काढले, टाच दाबून पाहिली, बोटांच्या बेचक्यात काटाबिटा आहे का बघितलं. ठकीला गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत राहिली. खाली ठेवली तर पुन्हा तेच.

"ही पडली का रे कुठे?" तिने नवऱ्याला विचारलं. तो आपलं औषधांचं दुकान बंद करून आत्ताच आला होता आणि फुटबॉलच्या बुटांत नव्या नाड्या ओवत बसला होता. मध्यंतरी मैदानावर त्याचा घोटा चांगलाच मुरगळला होता. या रविवारी तो पुन्हा खेळायला उतरणार होता.

"पडतेच की दिवसभर. तुला ना, जिथे तिथे दुखणीच दिसतात. दुकान बंद करून घरी यावं, तर गिऱ्हाईक दारात हजर."

ती हसली नाही. फोनवर वाचावं तर एकेक दुखणं टपून बसलेलं. खुब्याचा सांधा, वाकडी हाडं, आणि एक असं नाव, की तिने फोन पालथाच ठेवला. दोन दिवस डोळ्यांत तेल घालून ती पोरीची पावलं बघत होती. शेवटी शनिवारी सकाळी नवऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन तिने दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी ठकीचे दोन्ही पाय जुळवून पाहिले, गुडघे फिरवले. "सोडा खाली."

ठकी टेबलाकडे सरळ चालत गेली.

"घरी अशी नाही हो चालत," आई रडकुंडीला आली. "खरंच सांगते."

तेवढ्यात दाराजवळ राहिलेली पिशवी आणायला नवरा उठला. ठकी त्याच्या मागे निघाली. डावा पाय बाहेर, टेकवला न टेकवला.

डॉक्टरबाई दोघांकडे बघत राहिल्या. "अहो, परत एकदा जा बरं दारापर्यंत."

तो गेला. मागोमाग त्याची छोटी आवृत्ती गेली.

"घोट्याला काय झालंय तुमच्या?"

"मुरगळला होता. आता बरा आहे."

"कोण म्हणतं?"

"मीच."

"मुलीला अजून कळवलेलं दिसत नाही. तिला काही झालेलं नाही. तुम्ही मात्र तो पाय दाखवून घ्या."

आईच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्या जागी राग येऊन बसला. नवऱ्याचा, आणि स्वतःचाही. पोरीच्या पावलांवर ती पहारा देत असताना हा समोरून लंगडत गेला होता, आणि तिला दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मी नुसता गोलमध्ये उभा राहीन. पळायचं नाही काही."

"आधी सोफ्यापर्यंत सरळ चालून दाखव."

त्याने टाच पूर्ण टेकवली. पाऊल सरळ पडलं, पण दात आवळले गेले. मागून ठकीनेही पाऊल सरळ टाकलं आणि तोंड कळवळल्यासारखं वाकडं केलं.

तो खाली बसला. मग त्याने कप्तानाला फोन लावला.

"उद्या नाही जमणार रे. नाही, बायको नाही. पोरगी सोडत नाहीये."

आईने स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. तिथली आठी ठकीने अजून उचलली नव्हती, एवढंच.