काट्यावरचे तीन किलो

चाळीस वर्षं किराण्याचं दुकान चालवलं, पण बाईंनी कधी कुणाला मापात मारलं नाही. आज मात्र, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, स्वेटरच्या खिशांत दुकानातली तीन किलोची वजनं कोंबून, वर शाल पांघरून त्या इस्पितळाच्या काट्यावर चढल्या.

घशातल्या गाठीसाठी रोज रेडिएशन आणि आठवड्याला किमो, असे दोन्ही उपचार जोडीने चालले होते. जोडीने गुण जास्त, पण थकल्या देहाला ते सोसायला हवं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, वजन आणखी उतरलं तर किमो थांबवावी लागेल."

थांबवतोय कसा, बघतेच! बाईंना अजून जगायचं होतं.

"त्रेचाळीस," नर्सने लिहिलं. "वा आजी, जराही कमी नाही!"

"मग! खाल्लेलं अंगी लागतं माझ्या. नाहीतर ह्या आमच्या सूनबाई. दिवसभर चरतात, तरी काडीच."

सून हसली नाही. सकाळी उलटीचं भांडं तिनेच धुतलं होतं. घसरलेली शाल सावरायला गेली, तर हाताला लोखंड लागलं.

"सिस्टर, औषध चढवू नका. आईंच्या खिशात वजनं आहेत."

"घरभेदी!" बाई कडाडल्या. "चारचौघांत अब्रू काढलीस माझी!"

"काढली. खिसे रिकामे करा, आई."

काटा चाळीसवर आला. लगेच रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टर समोर बसले.

"अंगातलं पाणी आटलंय, आजी. अशात हे औषध गेलं असतं तर मूत्रपिंडं कायमची बसली असती. आज फक्त सलाईन आणि रेडिएशन. रिपोर्ट सुधारले की पुढच्या आठवड्यात किमो, जरा बेताची."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नका."



सलाईन लागलं. सून बोलणी खायच्या तयारीने दाराशी उभी होती. बाईंनी पाय आखडून पलंगावर जागा केली.

"खांबासारखी उभी काय राहिलीस? बस."

ती बसली. बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या जागी माझा पोटचा पोरगा असता ना, तर मला भिऊन गप्प बसला असता. मेले असते मी. तू होतीस, म्हणून वाचले बाई."

सुनेचे डोळे भरले. "पडा आता, आई."

"पडते. पण एवढं ओरडून सांगायची काय गरज होती? सगळा वॉर्ड ऐकत होता मेला."