उलटे आटे

पंपाचं झाकण उघडताच पक्कडताईला आतल्या बाजूला भावाचं अक्षर दिसलं. खिळ्याने कोरलेलं: 'पक्कड, हे अण्णांनाही जमलं नसतं.'

घाम पुसायचं निमित्त करून तिने तोंड फिरवलं.

शत्रूच्या अंतराळ-युद्धनौकेच्या इंजिनघरात ती सकाळपासून राबत होती. तिचं मालवाहू यान बोगद्याने या नौकेला जखडलेलं, त्यात तिचे अकरा सोबती आणि त्यांच्यावर रोखलेल्या तोफा. इंजिन चालू करून दे, मग तुम्ही मोकळे, असा शब्द कप्तानाने दिला होता. त्याच्या शब्दाची किंमत तिला ठाऊक होती. आठ महिन्यांपूर्वी भावाच्या यानाने त्याच्यापुढे शरणागती पत्करली. शस्त्रं टाकलीत, आता काय करायचं, असं भावाने रेडिओवर विचारलं. "थांबा, येतोच," कप्तान म्हणाला, आणि पाठोपाठ तोफा डागल्या. आसपासच्या सगळ्या यानांनी ते ऐकलं होतं. तिनेही.

भावाच्या यानाचे अवशेषही त्याने लुटले, हे मात्र तिला आत्ता कळलं.

पंपावरचं चाक तिने चाचपलं. बाकी सगळीकडे चाक डावीकडे फिरवलं की उघडतं, उजवीकडे बंद होतं. फक्त ती आणि भाऊ जिथे काम शिकले त्या अण्णांच्या कारखान्यात थंडाव्याच्या पाण्याच्या चाकाचे आटे उलटे कापत. धुरात डोळ्यांना दिसेनासं झालं तरी इंधनाचं चाक कुठलं, पाण्याचं कुठलं, ते हाताला कळावं म्हणून. आणि परक्याने फसू नये म्हणून त्या चाकाला तांब्याची तार गुंडाळत. या चाकावर तारेचा हिरवट वळ तेवढा उरला होता.

"इथे तार होती का हो, मिस्त्री?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

नौकेचा मिस्त्री म्हातारा होता. सकाळी पहारेकऱ्याची नजर चुकवून त्याने तिला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. गेल्या आठवड्यात लढाईत आपला पंप फुटला, म्हणून गोदामातला हा बसवला, पण गळती थांबेना, असं तो सांगू लागला. तार होती खरी. पण कप्तानसाहेबांना चकचकाटाचा भारी सोस. हे इंजिनघर आहे की भंगाराचं दुकान, म्हणाले, आणि स्वतः उभं राहून तार काढायला लावली.

"बरं," ताई म्हणाली.

तिने कामात कुठेही खोट ठेवली नाही. गळती बंद केली, भावाच्या अक्षरांवर झाकण बसवलं, चाक नियमाप्रमाणे चाचणीपुरतं अर्धं उघडं ठेवलं. मग कप्तानाला सांगितलं, की इंजिन पेटताना नौका हादरेल, बोगदा आधी सोडवा, नाहीतर दोन्हीकडची हवा जाईल. शिवाय हादरे मोजायला आमच्या बाजूला एक जाणता माणूस लागेल.

"म्हातारा ने," कप्तान हसला. "नाहीतरी इथे नुसता कुरकुरतो. आणि ए पक्कड, इंजिन चाललं की निरोपाला मी आहेच."

शेजारच्या तोफवाल्याने खाली पाहिलं. ताईला तेवढं पुरलं.

आपल्या यानात परतल्यावर तिने चालकाला हळूहळू मागे सरकायला सांगितलं. समोर नौकेची भट्टी पेटली. थोड्याच वेळात रेडिओ खरखरला. भट्टी तापतेय, कप्तान म्हणत होता, पाण्याचं चाक पूर्ण उघडलं तरी तापतेच आहे.

मिस्त्रीने मान वर केली. ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हवेतच त्याने एक चाक डावीकडे फिरवलं.

"भट्टी विझवायलाही पाणीच लागतं," तो पुटपुटला.

"हो."

रेडिओवर कप्तानाचा आवाज आता वेगळा होता. "ताई, चाक हलतसुद्धा नाही. काय करायचं? ताई, आता काय करायचं?"

तिने माईक उचलला. एकच शब्द सांगायचा होता, उजवीकडे. तो जिभेवर होता. अकरा जण तिच्याकडे बघत होते. ती नेहमीच्याच हलक्या आवाजात बोलली.

"थांबा, येतेच."

आणि तिने रेडिओ बंद केला.

खिडकीतला उजेड ओसरायला बराच वेळ लागला. कोणी जल्लोष केला नाही. मिस्त्रीने खिसा चाचपला आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं टेबलावर ठेवलं.

"फेकवेना," तो म्हणाला. "मला सांगायचं होतंस, पोरी."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते उघडलं असतं."

ताईने तार सरळ केली आणि आपल्या पंपाच्या चाकाभोवती, आधीच्या तारेवरून, घट्ट गुंडाळली.