वरचं भिंग

खाली

उजवा पाय हवेत होता आणि पायरी सापडत नव्हती.

पायरी होती तिथेच. वायरमन तिच्याकडेच बघत होता. पण नव्या चष्म्याच्या खालच्या भिंगातून ती फुगून धूसर दिसत होती, क्षणात जवळ, क्षणात लांब. शेवटी त्याने डोळे मिटले आणि पायाने चाचपत तो उतरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात शिडीला वळसा घालून माणसे चालली होती. कोणाचे लक्ष नव्हते. फक्त त्याचा जुना जोडीदार, नळ दुरुस्त करणारा, पान्हा घेऊन उभा होता.

"काय रे, पायऱ्यांना गुदगुल्या करतोयस?"

"पायाला मुंग्या आल्यात."

"मुंग्यांना तुझाच पाय सापडला होय?"

वायरमन हसला. वर तर याहून वाईट झाले होते. पलीकडे शस्त्रक्रिया चालू, म्हणून वीज बंद करता आली नव्हती. डोळ्यांपासून हातभर अंतरावरच्या दोन तारा त्याला एकच दिसल्या. नीट दिसावे म्हणून त्याने मान मागे टाकली, खालचे भिंग डोळ्यांसमोर यावे इतकी मागे. छत गरगरले. पक्कड उघड्या तारेपासून बोटभर अंतरावर थांबली.

समोर

चष्म्याच्या दुकानात त्याच्याआधी बायकोच खुर्ची ओढून बसली.

"काय त्रास होतो?" दुकानातल्या बाईंनी विचारले.

"तसं काही नाही."

"काही नाही काय?" बायको म्हणाली. "जिना उतरताना भिंत धरतात. झोपेत पलंगाची कड धरतात. मी हात सोडवायला गेले तर हे दचकून उठले."

बाईंनी भुवया आक्रसल्या. "पण मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, टेबलावर काम असतं."

"टेबलावर?" बायको त्याच्याकडे वळली. "अहो, टेबलावर तुम्ही उभे राहता. तेही पंखा लावायला."

तो समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला. दवाखान्यातल्या रंगाऱ्याचा नंबर वाढला, तेव्हा साहेबांनी त्याला फाटकावर बसवले होते. तिथे तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम करी. साहेबांचाही चष्मा याच दुकानातला, म्हणून मागच्या वेळी त्याने शिडीचे नाव काढले नव्हते.

"तुमच्या साहेबांना मी काही सांगायला जात नाही," बाई म्हणाल्या. "मला दाखवा, तार कुठे असते?"

त्याने हात वर केला आणि हवेत पक्कड धरली. बाईंनी टेप लावून डोळ्यापासून मुठीपर्यंतचे अंतर मोजले. मग चष्मा काढून घेतला आणि काचेच्या वरच्या कडेला पेनाने रेघ मारली.

"जवळचं तुम्हाला वर बघायचंय, आणि मी भिंग दिलंय खाली. कामासाठी दुसरा चष्मा करू. वरच्या पट्टीत जवळचं, बाकी सगळं लांबचं. पेपर मात्र जुन्याच चष्म्यानं वाचा, नाहीतर हनुवटी छातीला टेकेल."

बायकोला हसू आले. त्याला नाही.

"मी पडणार नाही ना?"

त्याने हे इतके हळू विचारले, की बायको हसायची थांबली.

"दिसेल नीट," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात तेवढंच."

वर

नवा चष्मा लावून तो शिडीवर चढला तेव्हा वीज बंद होती, भरदिवसाचा उजेड होता. त्याने नुसती नजर वर केली. लाल तार लाल होती, काळी काळी. तांब्याचा एकेक धागा सुटा दिसत होता. त्याने श्वास सोडला.

मग खाली पाहिले.

पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. फरशीही. इतके महिने खाली नुसते करडे काहीतरी असायचे. आता तिथे एक खिळा पडलेला दिसत होता, खिळ्याचे टोक दिसत होते, आणि तिथपर्यंतची सगळी रिकामी जागा दिसत होती. त्याने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. शिडी करकरली.

जोडीदाराने या वेळी थट्टा केली नाही. पान्हा बाजूला ठेवून त्याने सर्वांत खालच्या पायरीवर पाय रोवला आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. आपली शिडी कोणी धरलेली वायरमनला आजवर खपली नव्हती.

"सोडू का?" खालून विचारणा झाली.

वायरमनने ओठांवरून जीभ फिरवली.

"नको. धर."

तारा पिळायला दोन हात लागतात. त्याने एक हात शिडीवरून उचलला. मग, बऱ्याच वेळाने, दुसरा.